येन झेनचिंग : गिरवणं, बंडाळी आणि खाडाखोडीचा एक कागद

शाईकाठ

चिनी सुलेखनाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी वांग शीझीपाशी जाऊन थांबते. तो थोरच, त्यात वाद नाही. पण त्याच्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी, थांग राजवटीत झालेल्या येन झेनचिंगबद्दल (जन्म ७०९, मृत्यू ७८५) मराठीत फारसं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा. ब्रश हातात धरायला शिकणाऱ्या मुलांना आजही जी मोजकी अक्षरवळणं गिरवायला देतात, त्यांत येनचं वळण अगदी वरच्या क्रमांकावर असतं. मी सिंगापूरला शिकतो त्या वर्गातही सुरुवात त्याच्यापासूनच झाली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या माणसाची तालीम आणि त्याचं आयुष्य वेगवेगळं काढून बघता येत नाही. त्याच्या ज्या कागदावर सगळे नियम मोडून पडल्यासारखे दिसतात, तिथेच त्याची तालीम सगळ्यात जास्त दिसते.

घराणं विद्वानांचं. पूर्वज येन झितुई याने कुटुंबासाठी लिहून ठेवलेली शिकवण चीनमध्ये शतकानुशतकं वाचली गेली. खापरपणजोबांच्या पिढीपासून घरात जुने ग्रंथ तपासणं, शब्दांचे अर्थ लावणं, अक्षरांची शुद्ध रूपं ठरवणं हीच कामं. वडील मात्र लहानपणीच गेले. आई यिन घराण्यातली, आणि तिच्या माहेरीही सुंदर अक्षराची परंपरा होती. पैशांची ओढाताण होती. कागद परवडेना म्हणून पोरगा पिवळी माती पाण्यात कालवून भिंतीवर ब्रशने लिहायचा, असं परंपरा सांगते. भिंत भरली की पुसायची आणि पुन्हा लिहायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळात अक्षर हा हौसेचा मामला नव्हता. थांग दरबारात अधिकारी निवडताना चार गोष्टी बघत : देहयष्टी, बोलणं, अक्षर आणि न्यायनिवाड्याची समज. म्हणजे अक्षर वाईट असेल तर नोकरीचाच प्रश्न. येन ७३४ मध्ये सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला आणि सरकारी सेवेत लागला. जन्मभर तो आधी अधिकारी होता, सुलेखनकार त्यानंतर.

नोकरीत असतानाच तो झांग शूकडे गेला. झांग शू म्हणजे दारूच्या नशेत भिंती आणि पडदे रंगवणारा, धावत्या (अक्षरं जोडत झपाट्याने लिहायच्या) लिपीचा अवलिया उस्ताद. शिस्तीच्या माणसाने अशा गुरूकडे जावं याचं पहिल्यांदा नवल वाटतं. पण येनच्या नावावर असलेल्या एका टिपणात त्या दोघांचं बोलणं आहे. ते वाचलं की झांग शूच्या वेडाखाली केवढा हिशोब होता ते कळतं. जुन्यांच्या तोडीचं लिहायचं तर काय हवं, असं येन विचारतो. झांग सांगतो : पहिली गोष्ट ब्रश धरणं, हात मोकळा हवा, आखडलेला नको. दुसरी, पद्धत माहीत हवी, आणि ती तोंडी सांगून, हाताला हात लावूनच मिळते. तिसरी, अक्षराची मांडणी. चांगला कागद आणि चांगला ब्रश चौथ्या क्रमांकावर येतात. पाचवी, हे सगळं अंगात मुरल्यावरची मोकळीक. (दुकानात महागडे ब्रश बघून हरखणाऱ्या प्रत्येकाने ती चौथ्या क्रमांकाची गोष्ट लिहून भिंतीवर लावावी.)

त्याच टिपणात वाळूचा प्रसंग आहे. मातीच्या गोळ्यावर शिक्का दाबावा तशी रेघ उमटली पाहिजे, हे झांगच्या मामाने ऐकलं होतं, पण अर्थ लागत नव्हता. एकदा नदीकाठच्या सपाट ओल्या वाळूवर त्याने टोकदार वस्तूने सहज अक्षरं काढली. टोक वाळूत रुतलं, दोन्ही कडा सारख्या वर आल्या आणि रेघेचा तळ स्वच्छ दिसला. तेव्हा त्याला उमगलं. ब्रशचं टोक रेघेच्या मधोमध चालवायचं, कडेला पाडायचं नाही. तसं केलं की शाई दोन्ही बाजूंना सारखी मुरते आणि रेघ कागदावर न राहता कागदात जाते. येनचं सगळं वळण या एका गोष्टीवर उभं आहे.

७५२ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने चांगआनच्या (आजचं शीआन) एका मंदिरासाठी दोबाओ पॅगोड्याचा लेख लिहिला. तो शिळेवर कोरला गेला. अक्षरं बांधीव, नेटकी, एकही रेघ जागा सोडून नाही. गुणी विद्यार्थ्याचं उत्तम काम आहे हे. पण 'हा येन' असं आपण आज ज्या अक्षराला म्हणतो, ते अजून यायचं आहे.

पुढच्याच वर्षी दरबारातल्या बड्या मंडळींच्या मर्जीतून उतरल्यामुळे त्याला राजधानीबाहेर, पिंगयुआनचा प्रांताधिकारी म्हणून पाठवलं. तो भाग सेनापती आन लूशानच्या वर्चस्वाखाली. हा बंड करणार हे येनने ओळखलं. पावसाचं निमित्त करून त्याने तटबंदी दुरुस्त करून घेतली, खंदक खोल केले, धान्य भरलं, लढू शकणाऱ्या माणसांची नोंद केली. संशय येऊ नये म्हणून वरकरणी साहित्यिक मित्रांबरोबर नौकाविहार आणि कवितांच्या मैफली चालू ठेवल्या. ७५५ च्या अखेरीस बंड झालं आणि उत्तरेतली शहरं एकामागून एक पडली. पिंगयुआन उभं राहिलं. तिथून निरोप आल्यावर सम्राट म्हणाला, हा येन झेनचिंग दिसतो कसा तेही मला माहीत नाही, आणि त्याने हे केलं!

चुलतभाऊ येन गावचिंग जवळच चांगशानचा अधिकारी. दोघा भावांमध्ये निरोप घेऊन जाणारा गावचिंगचा मुलगा येन जीमिंग. शेजारच्या सेनापतीने वेळेवर मदत पाठवली नाही आणि ७५६ च्या सुरुवातीला चांगशान पडलं. जीमिंगचं डोकं उडवलं. गावचिंगला लोयांगला नेऊन हालहाल करून मारलं. घरातली तीसहून जास्त माणसं गेली.

७५८ मध्ये थोरला पुतण्या प्रेतं शोधायला गेला आणि जीमिंगचं फक्त शिर घेऊन परत आला. त्या श्राद्धासाठी येनने मजकूर लिहायला घेतला. आपल्याकडे आहे तो त्याचा कच्चा खर्डा : तेवीस ओळी, २३४ अक्षरं, शिवाय खोडलेली वेगळी. आज तो तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे.

या खर्ड्याकडे सावकाश बघा. पहिल्या ओळीत तारीख आणि स्वतःचं पद, हात स्थिर. मग पुतण्याचं कौतुक येतं आणि खाडाखोड सुरू होते. मदत न पाठवणाऱ्याचा उल्लेख कसा करायचा, तिथे पुन्हा खोडलंय. मग 'बाप कोंडीत सापडला, मुलगा मारला गेला. घरटं उलथलं, अंडी फुटली' ही ओळ. शाई संपत आलीय, ब्रश कोरडा पडलाय, रेघेतून कागद दिसतोय, तरी तो ब्रश बुडवायला थांबत नाही. शेवटच्या शोकोद्गारांची अक्षरं एकमेकांत घुसलेली आहेत.

आणि आता रेघ बघा. कोरड्या ब्रशने, त्या वेगाने लिहूनही टोक बहुतेक ठिकाणी मधोमध आहे. वळणं गोल आणि भरीव आहेत. अक्षर कलंडतं पण कोसळत नाही. हे दुःखाने येत नाही. दुःख त्या दिवशी कितीतरी घरांत होतं. भिंतीवरची माती, झांग शूची वाळू, शिळांसाठी लिहिलेली हजारो अक्षरं त्या हातात मुरलेली होती, म्हणून मन ठिकाणावर नसतानाही हात ठिकाणावर राहिला.

नंतरचं आयुष्य थोडक्यात. ७६४ मध्ये दरबारी समारंभात एका खोजा सरदाराला मानाच्या जागी बसवलं म्हणून त्याने वरिष्ठ सेनापतीला खरमरीत पत्र लिहिलं. त्या पत्राचा खर्डाही सुलेखनाचा अभिजात नमुना मानतात. त्याच सुमाराचं त्याचं दुसरं पत्र मला फार जवळचं वाटतं. त्यात तो तांदूळ मागतोय : पोटापाण्याचं मला जमत नाही, घरदार कित्येक महिने पेजेवर आहे, आता तीही संपली. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस हे लिहितो! पुढे हूझोला असताना चहावर ग्रंथ लिहिणारा लू यू त्याच्या मंडळींत होता. ७८३ मध्ये मुख्यमंत्र्याने काटा काढायचा म्हणून म्हाताऱ्या येनला बंडखोर ली शीलिएची समजूत घालायला पाठवलं. येनने शरण यावं म्हणून लीने अंगणात आग पेटवून धमकावलं, तर हा स्वतःच आगीकडे चालू लागला. ७८५ मध्ये त्याला गळा आवळून मारलं.

जाणकारांनी भर घालावी.

---

वाटसरू

लेख आवडला, पण एक शंका आहे. तुम्ही गिरवण्याला फार मोठं करताय असं वाटतं. वर्षानुवर्षं दुसऱ्याची अक्षरं काढत बसलं तर स्वतःचं काय उरतं? आमच्या शाळेत कित्ता गिरवून सगळ्या वर्गाचं अक्षर एकसारखं झालं होतं. त्यात कला कुठे होती?

---

मोडीवाचक

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

मी मोडी कागदपत्रं वाचतो आणि थोडंफार बोरूने लिहितो, त्या अंगाने एक मुद्दा. बोरूची जीभ तिरकी कापलेली असते. रेघ जाड की बारीक हे बोरू कुठल्या कोनात धरला आणि कुठल्या दिशेला ओढला यावर ठरतं. देवनागरी सुलेखनातही कट-निबने तेच होतं. एकदा कोन पक्का झाला की निम्मं काम हत्यारच करतं. ब्रशला मात्र कापलेली धार नाही, तो टोकाशी निमुळता आहे. तिथे जाड-बारीक सगळं दाबावर. म्हणजे तिसरी दिशा आली, कागदात खाली जाण्याची. त्यामुळे 'रेघ कागदात जाते' हे मला अगदी पटलं.

अवांतर : शाई मात्र नात्यातली आहे. आपली जुनी शाई काजळ आणि डिंकाची. चिनी शाईच्या कांडीतही काजळीच, पाइनच्या लाकडाची किंवा तेलाची, फक्त डिंकाऐवजी जनावराच्या कातडी-हाडांचा सरस.

---

पूर्वरंग

पुतण्याचा तो खर्डा मी प्रत्यक्ष पाहिला आहे. २०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात येन झेनचिंगवर मोठं प्रदर्शन होतं, तेव्हा तैपेईहून तो आणला होता. इतका नाजूक कागद परदेशी कसा पाठवला म्हणून चीनमध्ये समाजमाध्यमांवर प्रचंड आरडाओरड झाली होती. तैवानमध्येही नाराजी होती.

बाकी दालनांत निवांत फिरता येत होतं, या एका कागदासाठी मात्र स्वतंत्र लांबच लांब रांग. समोर आल्यावर थांबू देत नव्हते, सरकत राहायचं. कागद अपेक्षेपेक्षा लहान. छापील चित्रात न कळणारी एक गोष्ट तिथे कळली. चुकीच्या शब्दावर मारलेली काट काही ठिकाणी शब्दापेक्षाही ठाम आहे, आणि काही ठिकाणी शब्दाभोवती नुसता वेढा घातलाय. खोडण्यातसुद्धा वेगवेगळा हात आहे. माझ्यापुढच्या आजी हवेत बोटाने ती अक्षरं गिरवत पुढे सरकत होत्या.

---

शाईकाठ

@पूर्वरंग, काटांबद्दल अगदी नेमकं लिहिलंत. मी फक्त छापील प्रती पाहिल्या आहेत, मला हे ठाऊक नव्हतं.

@वाटसरू, शंका रास्त आहे. पण शाळेचा कित्ता आणि हा कित्ता यांत फरक आहे. शाळेत उद्देश एवढाच की अक्षर वाचता यावं. इथे गिरवण्याच्या पायऱ्या आहेत. लहान मुलं आधी लाल छापील अक्षरांवरून काळी शाई फिरवतात. मग चौकटी आखलेल्या कागदावर, मूळ पान शेजारी ठेवून, बघून लिहायचं. मग पान मिटून आठवणीने लिहायचं आणि ताडून बघायचं. शेवटची पायरी म्हणजे मूळ लेखकाचा फक्त भाव पकडून आपल्या हाताने लिहायचं. तिथपर्यंत पोचायला बरीच वर्षं जातात, पण ती पायरी आहे.

शिवाय गिरवताना तयार आकार शिकायचा नसतो, हालचाल शिकायची असते. साधी आडवी रेघ घ्या. ब्रश डावीकडून उजवीकडे न्यायचा, पण सुरुवात उलटी : टोक आधी किंचित डावीकडे घालून लपवायचं, दाबायचं, मग उचलत उजवीकडे चालायचं, शेवटी थांबून वर, मग खाली उजवीकडे दाब, आणि आल्या वाटेने टोक मागे घेऊन उचलायचं. शिळेवर दिसते फक्त एक आडवी रेघ. आतल्या या येरझारा दिसत नाहीत, त्या ओळखून काढाव्या लागतात. बाराशे वर्षांपूर्वीच्या मनगटाने काय केलं असेल ते आपल्या मनगटाने शोधायचं. हे मला नक्कल वाटत नाही.

आणि 'स्वतःचं काय उरतं' याला खुद्द येनच पुरावा आहे. ७५२ ची दोबाओ शिळा आणि ७७९ ची येन चिनली शिळा शेजारी ठेवा. दुसरी त्याने सत्तरीत, पणजोबांच्या स्मरणार्थ लिहिली. तिच्यात उभ्या रेघा जाड, किंचित बाहेर फुगलेल्या, आडव्या बारीक, अक्षराच्या पोटात मोकळी हवा. उजवीकडे खाली उतरणारी तिरकी रेघ शेवटी दाबून फटकन वर सुटते. असं आधी कुणी लिहिलं नव्हतं. त्याचं स्वतःचं अक्षर पन्नाशीनंतर आलं, गिरवणं सगळं पचल्यावर.

---

जुनीपानं

थोडा विरोधी सूर लावतो.

येनच्या कीर्तीत त्याच्या निष्ठेचा वाटा किती आणि अक्षराचा किती? थांगनंतरच्या सुंग राजवटीत त्याला डोक्यावर घेतलं गेलं ते बरंचसं 'हुतात्मा, सरळ माणूस, म्हणून सरळ अक्षर' अशा चालीवर. त्या काळचा मोठा कवी सू शी याने तर कवितेत दू फू, गद्यात हान यू, चित्रात वू दाओझी आणि अक्षरात येन, यांच्यापाशी कळस झाला असं म्हणून ठेवलं. पण त्याच काळातला मी फू नावाचा गृहस्थ, जो स्वतः अव्वल सुलेखनकार होता, येनच्या नियमित (प्रत्येक रेघ सुटी, स्पष्ट लिहायच्या) लिपीवर नाराज होता. येनचं धावतं अक्षर शिकण्यासारखं आहे, पण नियमित अक्षर सामान्य दर्जात जाऊन पडतं, असं त्याचं मत. रेघांच्या शेवटच्या त्या झटक्यांना त्याने वाईट वळणांचा उगम म्हटलंय.

मलाही चिनली शिळा जरा बोजड वाटते. शहिदाचं अक्षर म्हणून ती चांगली म्हणायची का?

---

शाईकाठ

@जुनीपानं, मी फूचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. रेघेच्या शेवटचा झटका नवशिक्याच्या हातात पडला की खरोखर भडक दिसतो, वर्गात रोज बघतो. पण बोजडपणाबद्दल असहमत. ही अक्षरं शिळेसाठी होती. उघड्यावर, माणसापेक्षा उंच दगडावर, उभं राहून वाचायची. तिथे वांग शीझीची नाजूक लकेर विरून गेली असती. जाड उभी रेघ लांबून दिसते. येनने अक्षराला इमारतीच्या मापात नेलं, आणि ते काम हुतात्मा होण्याआधी, जिवंतपणी केलेलं आहे.

निष्ठेने कीर्ती वाढली हे खरं. पण पुतण्याच्या खर्ड्यावर मी फूही बोट ठेवत नाही. धावत्या अक्षराला तो मानतोच. आणि त्या कागदापुरतं तरी माणूस एका बाजूला आणि अक्षर दुसऱ्या बाजूला असं मला करता येत नाही.

---

कोकणकडा

धाग्याने सकाळ सार्थकी लावली. दोन प्रश्न.

१. गळक्या छपराच्या ओघळाचा काही संदर्भ येनशी जोडलेला ऐकला होता, तो काय?
२. माझ्या मुलीला शिकायचंय, वय अकरा. दगडावरची अक्षरं कागदावर येतात कशी आणि सुरुवात कुठून करायची?

---

शाईकाठ

१. भिक्षू ह्वायसू, हाही धावत्या लिपीचा मोठा माणूस, येनला भेटला, त्या संवादात ते येतं. लू यूने लिहून ठेवलंय. ह्वायसू म्हणाला, मी उन्हाळ्यातले ढग बघून शिकतो. येनने विचारलं, आणि गळक्या घराच्या भिंतीवरचा ओघळ? ह्वायसूने उठून त्याचा हातच धरला. ओघळ मातीच्या भिंतीवरून सरळ सुटत नाही. थेंब अडतो, जरा कडेला वळतो, भरतो, मग खाली सरकतो. उभी रेघ अशी अडत अडत उतरवायची, सुळकन ओढायची नाही. तुमच्याकडे पावसाळ्यात जुन्या भिंतीवर दिसेलच, मुलीला दाखवा.

२. दगडावर ओला केलेला पातळ कागद चिकटवतात, ब्रशने ठोकून कोरलेल्या खाचांत बसवतात. कागद किंचित सुकला की कापडी बोंडाने वरून शाई थोपटतात. खाचेतला कागद पांढरा राहतो, बाकीचा काळा होतो. म्हणून कित्त्याच्या वह्यांत काळ्यावर पांढरी अक्षरं दिसतात. शेकडो वर्षं असे ठसे घेऊन शिळा झिजतात. येन चिनली शिळा मात्र जमिनीखाली गाडली गेली होती, ती १९२२ मध्ये शीआनमध्ये सापडली, त्यामुळे तिच्या कडा अजून धारदार आहेत. दोबाओ आणि ती, दोन्ही शीआनच्या बेईलिन संग्रहालयात आहेत. १०८७ पासून तिथे शिळा जमवल्या जातायत.

सुरुवात दोबाओपासून करा. चिनलीची हवेशीर अक्षरं सोपी दिसतात, पण मुलांच्या हातात ती सैल पडतात. मध्यम आकाराचा, मिश्र केसांचा ब्रश घ्या. नुसत्या बकरीच्या केसांचा पहिल्या वर्षी फार मऊ पडतो. श्वान कागद (सुलेखनाचा खास चिनी कागद) लगेच नको. तो शाई झटकन पितो, मुलं वैतागतात. चौकटीचा साधा पिवळसर सरावकागद मिळतो, तोच घ्या. शाई बाटलीतली चालेल, पण अधूनमधून कांडी दगडावर पाणी घालून उगाळू द्या. जोर न लावता, सावकाश, गोल गोल. मनगट टेबलावर टेकवायचं नाही, पाठ ताठ. रोज थोडंच लिहायचं, पण एकाच अक्षरावर थांबायचं. नवा ब्रश आधी कोमट पाण्यात मोकळा करून घ्या, आणि लिहून झाल्यावर मुळापर्यंत धुऊन, टोक बोटांनी जुळवून, केस खाली राहतील असा टांगून वाळवा. मुळाशी शाई राहिली की केस फाकतात आणि मग टोक मधोमध ठेवणं कुणालाच जमत नाही.

---

मोडीवाचक

@कोकणकडा, मुलगी डावखुरी असेल तर आधी शिक्षकांशी बोला. त्या उलट्या सुरुवातीच्या रेघा उजव्या हाताच्या हिशोबाने बसवलेल्या आहेत. बोरूच्या वर्गात आम्ही डावखुऱ्यांसाठी जीभ उलटी कापून देतो, ब्रशला तशी सोय नाही.

---

कोकणकडा

डावखुरीच आहे. विचारून कळवतो.